आत कोणी उतरायचं नाही

अहो, त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं आणि मी पिंप भरत होते. तुमचे कंपनीचे कपडे नेहमीसारखे वेगळ्या बादलीत भिजत होते, पोरीच्या फ्रॉकांना केमिकलचा तो वास लागायला नको म्हणून. तव्यावर सुके बोंबील भाजतेय, आणि तुम्ही दारातून म्हणताय, अख्ख्या सेक्टरला कळू दे आज आपल्याकडे काय आहे ते. मी हसले नाही, पिंप वाहायला लागलं होतं. दुपारी तुमच्या शिफ्टचे दोघं आले. बसा म्हटलं तरी बसेनात, दाराबाहेरच उभे राहिले.

कंपनीतली टाकी साफ करायला उतरलेला हेल्पर आत कोसळला आणि त्याला काढायला तुम्ही मागोमाग उतरलात. तुम्ही दोघंही वर आला नाहीत. जो भेटायला आला तो म्हणाला, वहिनी, शूर माणूस होता. त्या एका शब्दावर मी पोर वाढवली.

आता ती केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज म्हणजे नुसता अभ्यास नसतो हे मला तिच्यामुळे कळलं. कुणी शर्यतीची गाडी बनवतं, कुणी रोबोट, कंपन्यांची माणसं येऊन मुलाखत कशी द्यायची ते शिकवतात. तिची मैत्रीण सुट्टीत पुण्याला इंटर्नशिप करणार, एसीत बसून. हिने घेतला सेफ्टी क्लब, आणि सुट्टीतलं ट्रेनिंग तळोज्यात, तुम्ही जायचात तिथेच. कंपनी दुसरी, रस्ता तोच. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या जगात तुला तेवढीच जागा दिसली का? आणि तिच्याशी बोलणं टाकलं.

रविवारी मी वाल सोलत होते. ती शेजारी येऊन बसली, सोलू लागली आणि खाली बघूनच सांगत राहिली. क्लबात पहिल्याच दिवशी शिकवतात म्हणे, टाकीत माणूस पडला तर मागून कोणी उतरायचं नाही. आधी आतली हवा तपासायची, मास्क लावायचा, कमरेला दोर, वर धरायला माणसं. नाहीतर वाचवायला जाणाराही जातो.

"आई, बाबांना हे कुणी शिकवलंच नव्हतं गं. मला तेच शिकून तिथल्या लोकांना सांगायचंय."

"म्हणजे ते उगाच गेले, असं म्हणतेस?"

ती हातातला वाल तसाच धरून रडायला लागली.

तुमच्यामागे मी वाचनालयातली किती पुस्तकं वाचली. वाटायचं, आता दुःखातलं थोडंफार कळतं आपल्याला. पण लोकांनी दिलेला तो एक शब्द इतकी वर्षं घट्ट धरून होते, आणि माझ्याच पोरीने तो हळूच काढून घेतला. तुम्ही वर थांबला नसतात, हे मला ठाऊक आहे. त्या हेल्परलाही घरी आई होती. सगळं कळतं. तरी एक गोष्ट कुणाच्या तोंडावर बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते. तुम्ही शूर नसतात तरी मला चाललं असतं. वर उभे राहून नुसते ओरडला असतात, आणि संध्याकाळी घरी आला असतात.

हे कुठे पाठवणार. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले. बायकांच्या मापाचे सेफ्टी बूट कुणाकडे मिळेनात. मिळेपर्यंत दुकानं फिरले, आणि तिच्यासाठी घेऊन आले.