बाबांच्या मापाची कायाक

तीर्थरूप बाबांना,

बासष्ट वर्षांच्या तुमच्या मुलाचा, तोबियासचा, वाकून नमस्कार. कोपनहेगनची हवा मानवते ना? परीक्षा कशी गेली? केस हिरवे केल्याचं ताई सांगत होती. तुम्हाला शोभत असतील. (पोस्टातली बाई पाकिटावरचं 'बाबांना' वाचून हसली नाही. तिच्या घरी तिची आजी सध्या तीन वर्षांची आहे. इवालू, तू ताईच्या पोटी जन्मलीस त्याच्या आदल्याच महिन्यात बाबा गेले, आपल्या रीतीप्रमाणे त्यांचं एनोक हे नाव तुला दिलं, आणि तेव्हापासून तू माझी भाची कमी, बाप जास्त. तिकडच्या मैत्रिणींना हे समजावत बसू नकोस.)

पत्र लिहायचं कारण, रेजिना आता हट्टाला पेटली आहे. घरापुढे दोन नावा आणि ताटात एक मासा नाही, असं तुमच्या सुनेचं म्हणणं. मोटरबोट ईस्टरपासून खोकते आहे. आणि इलुलिसाटचा एक हॉटेलवाला तुमची ती एकट्याने वल्हवायची कायाक भिंतीवर टांगायला मागतोय. बदल्यात नवंकोरं इंजिन द्यायला तयार आहे. "एकीचा काय तो निकाल लाव," ती म्हणाली, "नाहीतर दोन्हींवर धुणं वाळत घालते."

मी म्हटलं, निकाल लावायचा तर कायाकमध्येही एकदा मासे धरून बघावेत. आता ती तुम्ही बांधलीत तुमच्या अंगाच्या मापाने. लांबी म्हणजे तुमच्या पसरलेल्या हातांची तीन मापं, रुंदी म्हणजे तुमची कंबर आणि वर दोन मुठी. माझी कंबर म्हणजे तुमचीच, पण तिच्यावर रेजिनाचा तीस वर्षांचा स्वयंपाक चढलेला. तरी श्वास सोडला आणि बसलो. बसलो कसला, तिच्या त्या गोल भोकात घुसलो.

आणि बाबा, काय सांगू! चाळीस वर्षं मी याच खाडीत मासे मारतोय, पण पाणी काय आवाज करतं ते विसरलोच होतो. बर्फ तडकण्याआधीची ती बारीक करकर, डोक्यावरून जाणाऱ्या पाखरांचे पंख. दोरीची गुंडाळी तुम्ही उजव्या हातालाच का ठेवायचात, ते माझ्या हाताला आपोआप आठवलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात गळाला कॉड लागला, मागोमाग दुसरा, आणि तिसरा भलताच दांडगा, दात विचकणारा, थेट माझ्या मांडीवर. मला ना सरकता येईना, ना उठता. मी बोंब ठोकली. शेजारचा गेर्थ मोटरबोट घेऊन आला, पण हसण्याच्या नादात त्याला दोर बांधता येईना. त्यात त्याच्या नातीचा वाढदिवस, म्हणजे सगळा गाव त्याच्याकडे कॉफी प्यायला जमलेला. सगळे कप हातात घेऊनच किनाऱ्यावर उतरले. दोघांनी मला काखेत धरलं, चौघांनी कायाक धरली, आणि रेजिनाने भर गावात माझ्या कंबरेला सीलची चरबी चोळली. "सासऱ्यांनीसुद्धा माझ्याकडून असली सेवा करून घेतली नाही," हे वर. मी बुचासारखा निघालो. विजार आतच राहिली.

तेव्हापासून तुमचा तो दिवस डोक्यातून जात नाही. विशीत मी पहिली मोटरबोट आणली. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत, "तू येतोयस हे तुझ्या आईच्या आधी सीलला कळेल," एवढंच म्हणालात, आणि पुढे एकोणीस वर्षं तिच्यात पाऊल टाकलं नाहीत. आलात ते एकदाच, पेटीतून, खाडीपलीकडे दफनाला नेताना. अर्ध्या वाटेत मी इंजिन बंद केलं आणि वल्ही मारली. ते बिघडलं असंच गेर्थला अजून वाटतंय.

तर कायाक ठेवू की मोटरबोट, ते तुम्हीच सांगा. मी जाड झाल्याचं ताईला कळवू नका.

तुमचा (निदान आता तरी) आज्ञाधारक,
तोबियास

ता. क. उत्तराची घाई नाही. हॉटेलवाल्याला मी कालच नाही म्हणून सांगितलं. इंजिन गेर्थने दुरुस्त केलं आणि आज सकाळी मोटरबोटच घेऊन गेलो. घर तिच्यावरच चालतं. कायाकला नेहमीसारखा रंग लावला.

आणखी एक ता. क. खरं विचारायचं होतं ते वेगळंच. तुमचा तो राग अजून आहे का? नसेल, तर या उन्हाळ्यात या आणि एकदा माझ्या बोटीत बसा. गावासमोरून एक चक्कर, बस. इंजिन अगदी हळू चालवीन. (इवालू, विचारतोय त्यांना. पण उत्तर तू दे.)