शेठची ऊब

४ मार्च

आले एकदाची! एक पेटी, एक गादी आणि मिठाची बरणी, एवढाच संसार. जनावरांच्या दवाखान्यामागची खोली डॉक्टरीणबाईंनी मला दिली आहे. पुढे त्या सुई टोचणार, मागे मी हात ठेवून ऊर्जा देणार. त्या म्हणाल्या, औषधाने भागत नाही तिथे तुम्ही, आणि तुमच्यानेही भागलं नाही तर देव. बाई मला आवडल्या. खोलीला दोन दारं आहेत, एक दवाखान्यात उघडतं आणि दुसरं रस्त्यावर. ताईला फोन केला तर म्हणते, माणसांशी जमलं नाही म्हणून आता मांजरांशी का? मी म्हटलं, मांजरं निदान लग्नाचं विचारत नाहीत. दोघी पोट धरून हसलो.

७ मार्च

बस्तान बसलं. सकाळी फरशी पुसते, सतरंजी अंथरते, भांड्यात मिठाचं पाणी काढून ठेवते. जनावर आलं की जमिनीवर बसते आणि त्याच्याकडे मुळीच बघत नाही. ते आपणहून हुंगायला आलं, की हात आधी अंगापासून वीतभर वर धरायचा. कुठे गरम, कुठे गार, ते चाचपायचं आणि मग टेकवायचा. तळव्याला मुंग्या येतात, मागून ऊब चढते. शेवटी हात झटकून मिठाच्या पाण्यात बुडवायचे आणि म्हणायचं, "तुझं तुला, माझं मला." माझ्या गुरूबाई याला सोडवणं म्हणायच्या. सोडवल्याशिवाय जनावराला उंबरठा ओलांडू द्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

आज एक लंगडा बोका आणि स्वतःची पिसं उपटणारा पोपट आला. पोपटाने जाताना मला शिवी हासडली. म्हणजे गुण आला म्हणायचं.

१२ मार्च

माणसं चांगली आहेत, पण जनावर घेऊन येतात आणि जनावर घेऊन जातात. दिवसभर माझ्या हाताखालून इतके जीव जातात, मला मात्र कुणाचा हात लागत नाही. चहा देतानाही डॉक्टरीणबाई कप टेबलावर ठेवतात. संध्याकाळी फार एकटं वाटतं.

आज घड्याळं दुरुस्त करणारे काका त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन आले. नाव शेठ आणि चालही तशीच, पोट पुढे, घाई म्हणून नाही. मागचे पाय आखडलेत. काकांची बायको गेली, मुलगा दूर देशी. म्हणाले, घरात टिकटिक पुष्कळ आहे हो, पण ओळख देणारा हा एकटाच. शेठने माझ्या मांडीवर डोकं टाकलं आणि चक्क घोरायला लागला. मला रडू फुटलं.

त्याला सोडवलं नाही. हात कोरडेच ठेवले. विसरले असं म्हणता आलं असतं, पण विसरले नाही. ती ऊब सोडवेना.

१३ मार्च

काय झोप लागली! सकाळपर्यंत तळवे उबदार. पायांशी कुणीतरी वेटोळं करून निजल्यासारखं जड लागत होतं. उठले तर गादीवर खळगा.

१८ मार्च

शेठ आता धावतो. तरी काका तोंड पाडून आले. हाक मारली तर तो मान वळवत नाही, त्यांच्याकडे परक्यासारखा बघतो. म्हणाले, पाय बरे झाले, पण हा आमचा शेठ नव्हे. डॉक्टरीणबाईंनी वयाचं कारण सांगितलं. मीही मान डोलावली.

खोलीत परतले तर फरशीवर नखांचा आवाज. पोट पुढे, घाई म्हणून नाही. दिसलं काहीच नाही. मला आनंद झाला. उठून दोन्ही दारं आतून लावून घेतली.

२१ मार्च

बोका आज दारातूनच फिस्कारून पळाला. पोपट मला पाहून थरथरतो.

काका दुकान बंद करतात त्या वेळी खोलीतलं ते न दिसणारं रस्त्याच्या दाराशी जातं आणि रडतं. कानांना ऐकू येत नाही, तळव्यांना कळतं. त्याला काका हवे आहेत. म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढून मी पोट भरते आहे. परत द्यायलाच हवं. मग खोलीत पुन्हा मी एकटी. असू दे.

२३ मार्च

दिलं परत. शेठवर हात ठेवले. ऊब उतरू लागली — मनगटं गार, कोपर गार, छाती गार. थांबायला हवं होतं, हात निघेनात. "तुझं तुला" म्हटलं आणि पुढचं सुचेना. इतके दिवस एकत्र मुरलेलं, त्यातलं माझं कुठलं?

शेठ काकांच्या अंगावर झेपावला. काका लहान मुलासारखे रडले. जाताना शेठने वळून पाहिलं. ती नजर मी ओळखते. रोज आरशात बघते ती.

२४ मार्च

फोन आला. कुणी बाई. मी तुझी ताई, म्हणत होती. आवाज अनोळखी. रडायला लागली तरी मला काहीच —

त्याचं थोडं माझ्यात राहिलं. माझं त्याच्याबरोबर गेलं. किती, ते —

२५ मार्च

डॉक्टरीणबाई सांगत होत्या, काकांकडे फोन वाजला की शेठ धावत जातो, फोनपाशी बसून रडतो. नवल वाटलं त्यांना.

त्यांच्या हातांना औषधाचा वास. मी कोपऱ्यात सरकले. मीठ नाकाला झोंबतं. गादी नको. सतरंजी बरी.

संध्याकाळी रस्त्याच्या दाराशी —

२७

त्याच्या दुकानाची पायरी. ऊन. तेलाचा वास, पितळेचा वास, त्याचा वास. पेन बोटांत ठरत नाही.

तो आला बाहेर. डोक्यावर हात ठेवला. हात! म्हणाला, बाई, बरं वाटत नाही का, घरी जा.

घर म्हणजे —

दार लावलं त्याने. आत शेठ आहे. शेठकडे माझी ताई आहे. असू दे. मी इथेच. तो परत बाहेर ये