स्टुलावरून पडून मिळालेली शांती

३ फेब्रुवारी
माळ्यावरची पेटी काढताना स्टुलावरून डोक्यावर पडलो, त्याला चार महिने झाले. तेव्हापासून मी बदललोय. भूक नाही, हाव नाही, राग तर नाहीच. ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर लोक वाट्टेल ते बोलतात, मी नुसता बघतो. शेवटी तेच थकून घरी जातात.

५ फेब्रुवारी
दाढी वाढायची थांबली. शरीरसुद्धा नको ते सोडून देतंय. भर दुपारच्या उन्हातही स्वेटर घालतो म्हणून बायको वैतागली, डॉक्टरकडे चला म्हणते. तिला काय कळणार.

९ फेब्रुवारी
पहाटे पाचला उठून ध्यान करायचा संकल्प. साडेनऊला उठलो. ध्यान बहुधा झोपेतच झालं. ऑफिसला लेट.

१४ फेब्रुवारी
हिने हळूच विचारलं, माझं काही चुकलं का, हल्ली जवळसुद्धा येत नाही. मी समजावलं, आता मी या सगळ्याच्या पलीकडे गेलोय. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. होईल, तिचीही प्रगती होईल.

२० फेब्रुवारी
साहेब खूश. शुक्रवारी स्टाफसमोर 'राग कसा जिंकावा' यावर बोला म्हणाले. मुद्दे काढायला बसलो. 'राग' एवढं लिहिलं आणि डुलकी लागली.

२४ फेब्रुवारी
'मित्रहो' म्हणालो आणि जरा खुर्चीत टेकलो. पुढचं आठवत नाही. आधी सगळ्यांना वाटलं, हा मौनाचा प्रयोग आहे. मग म्हणे मी घोरायला लागलो. हिला फोन गेला. तिने टॅक्सीत कोंबून थेट दवाखाना गाठला.

२ मार्च
रिपोर्ट आले. डॉक्टर म्हणाले, त्या माराने मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी मंदावली, हार्मोन्स घटले. म्हणून थंडी, झोप, दाढी आणि ते बाकीचं. मी विचारलं, आणि शांती? म्हणाले, तीही त्यातलीच. ही माझा हात धरून बसली होती. गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू. घेईन. पण माझी शांती कमावलेली आहे, असल्या गोळीबिळीने जाणार नाही.

११ एप्रिल
गाल खरखरीत लागतायत. सकाळी चहात साखर कमी म्हणून हिच्यावर खेकसलो. ती कप धरून उभीच राहिली, डोळे भरलेले. म्हटलं, आता रडायला काय झालं. म्हणाली, काही नाही, आलात एकदाचे घरी.

मग म्हणाली, साखरेचा डबा समोर आहे आणि हातही जागेवर आहेत. मी उठून साखर घेतली.