जू चियाटच्या भिंतीतला पिंपळ

२ जानेवारी २०१६, शनिवार
संकल्प: हे घर वाचवायचे. परदेशातल्या या जू चियाट भागात जुनी घरे अजून रांगेने उभी आहेत, पण माणसांची नियत फिरायला वेळ लागत नाही. आमचे दोन मजली शॉपहाउस, म्हणजे पूर्वी खाली दुकान आणि वर घर. खाली घरमालकीण मॅडम चिया एकट्या. वर आम्ही भाडेकरू: मुलगा सुबोध, सून उल्का आणि मी. दर्शनी भिंतीवर गुलाबांच्या टाइल्स, लाकडी झडपा, मधोमध आभाळाला उघडा चौक. सुबोधला मात्र जुरोंग ईस्टच्या टॉवरमधला नवा कॉन्डो फ्लॅट हवा. मी म्हणालो, पीडब्ल्यूडीच्या गोदामात जन्म गेला, इमारत मला कळते. तो म्हणाला, बाबा, तुम्ही सिमेंटची पोती मोजायचात. मुलांना शिकवले की हे असे ऐकावे लागते.

४ जानेवारी, सोमवार
मॅडम चिया धापा टाकत जिना चढून आल्या. ऐंशीच्या पुढच्या. नवरी म्हणून आल्या त्या याच घरात. मागच्या भिंतीत रोप उगवले आहे, तुमच्या गॅलरीतून हाताला येते, अंकल यू पुल फॉर मी, कॅन? दरवर्षी त्यांचा गवंडी उपटायचा, तो वारला. लहान असतानाच काढायचे, मोठे झाले की हाउस फिनिश लाह. मी म्हणालो, कॅन, कॅन. उद्या सकाळी पहिले काम हेच.

५ जानेवारी
उपटायला हात घातला आणि पान पाहिले. पिंपळ! हात मागे. पिंपळ उपटत नाहीत. त्यावर मुंजा असतो. एवढ्याशा रोपावर कुठला मुंजा, असे मनाला समजावले. पण मुंजा मुळात लहानच असतो. या देशात सरकारी पासाशिवाय बाहेरच्या कोणाला राहता येत नाही हे खरे, पण त्याच्याकडे पास मागणार कोण? आणि झाडावरून निघाला तर जाईल कुठे? सर्वांत जवळ माझी खोली. त्यात माझी वृश्चिक रास, साडेसाती ऐन भरात.
मॅडमना खाली जाऊन सांगितले, डन. पूर्ण खोटे नाही. निर्णय डन आहे.

९ जानेवारी, शनिवार
पिंपळाला तांब्याभर पाणी घातले. शनिवारपुरतेच. पाणी घालणे म्हणजे वाढवणे नव्हे.

१३ फेब्रुवारी, शनिवार
टूरिस्टांचा घोळका जुनी घरे बघत हिंडत होता. मी खालच्या ओवरीत उभा राहून माहिती दिली. ही घरे आपण जपली नाहीत तर कोण जपणार, असे इंग्रजीत म्हणालो. एका गोऱ्या बाईंनी माझा फोटो काढला. पाणी आता रोज घालतो. शनिवारी घालायचे आणि रविवारी तहानलेले ठेवायचे, हे बरे दिसत नाही.

१३ जुलै, बुधवार
माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला चीर. केसाएवढी. जुनी भिंत आहे, श्वास घेते. सुबोधने पाहिली तर जुरोंग ईस्ट पक्के. तिच्यावर गणपतीचे कॅलेंडर लावले. आता खोली प्रसन्न वाटते.

६ ऑगस्ट, शनिवार
श्रावणी शनिवार, म्हणून दोन तांबे. चीर कॅलेंडरच्या खालून बाहेर आली आहे. कॅलेंडर थोडे खाली सरकवले. वरून दिसू लागली. उल्काकडे दुसरे कॅलेंडर मागितले. ती म्हणाली, एका खोलीत दोन कशाला? म्हणालो, म्हाताऱ्या माणसाला तारखा लागतात.

३ सप्टेंबर, शनिवार
माझा मित्र निशिकांत हौगांगहून भेटायला आला. रिटायर्ड अकाउंटंट, सगळ्यात खोट काढायची सवय. बसल्या बसल्या म्हणाला, पद्माकर, तुझ्या भिंतीला पोट आलंय रे. मी म्हणालो, जुन्या बांधकामाची ती पद्धत आहे. तो उठला, खुर्ची दारापाशी नेली आणि शिऱ्याची बशी तिथे मागितली. म्हणाला, सुबोधला सांग, नाहीतर मी सांगतो. त्याला शपथ घातली. पुढच्या वेळी शिरा नाही.

७ सप्टेंबर
हार्डवेअरच्या दुकानातून सिमेंट आणून चीर पक्की बुजवली. स्वतःच्या हाताने. उत्तम काम. भिंतीकडे आता वर्षानुवर्षे बघायला नको.

२२ सप्टेंबर
माझे सिमेंट शाबूत आहे. चीर त्याच्या शेजारून गेली. भिंतीला हात लावला, आतून ओली. पिंपळाचे मूळ मनगटाएवढे. पाणी बंद करायचे ठरवले. पण ऐन साडेसातीत बंद केले आणि काही झाले तर?

१९ ऑक्टोबर, बुधवार
मॅडम चियांनी खाली बोलावून विचारले, अंकल, तुम्ही वर कपाटं सरकवता का? पलंगावर माती पडते. त्यांचा पलंग माझ्या भिंतीच्या बरोबर खाली. म्हणालो, उंदीर. त्या म्हणाल्या, युवर माउस वेअर शूज, आह? आणि खूप हसल्या. मीही हसलो. पलंग हलवा म्हणालो. त्या म्हणाल्या, हजबंड पुट हिअर. माय हाउस स्ट्राँग.
सोमवारी सुबोधला सगळे सांगायचे. नक्की.

२४ ऑक्टोबर, सोमवार
सुबोध ऑफिसातून चिडून आला. चिडलेल्या माणसाला भिंतीचे सांगू नये. दिवाळी होऊ दे.

५ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी
तांब्या घेऊन गॅलरीत गेलो. भिंतीतून विटांचा चुरा खाली गळत होता. मग सुपारी फुटावी तसा आवाज. माझ्या तोंडून आई गं निघाले, ते एवढ्या मोठ्याने की खाली मॅडम पलंगावरून उठून, व्हॉट हॅपन अंकल, म्हणत चौकात आल्या. त्यांच्या मागे भिंत आली. पलंग दिसत नाही. पुढचे नंतर लिहीन.

८ नोव्हेंबर
गल्लीभर माझीच चर्चा. अंकलने ओरडून मॅडमचा जीव वाचवला. सुबोधनेसुद्धा पाठीवर हात ठेवला. उल्काने ठेवला नाही. ढिगाऱ्यातून माझा तांब्या तिनेच उचलला.

१२ नोव्हेंबर, शनिवार
इंजिनीअरने मूळ दाखवले. ते जुनेच, पण दरवर्षी छाटले जाई म्हणून दबून होते. यंदा कोणी छाटले नाही, वर भिंतीत रोज पाणी मुरले, आणि वरून सिमेंट थापल्याने ते पाणी आतच राहिले. मागची बाजू उतरवणार. टाइल्सची दर्शनी भिंत तेवढी राहणार. मॅडम वुडलँड्सला पुतण्याच्या फ्लॅटमध्ये, आम्ही जुरोंग ईस्टला.
निघताना ओवरीत मॅडमनी माझे दोन्ही हात धरले. डोळे भरलेले. ओन्ली यू लव्ह माय हाउस, अंकल. मागून उल्का हळूच मराठीत म्हणाली, बाबा, आता तरी सांगा त्यांना. मी म्हणालो, माझे इंग्रजी कच्चे आहे. ती म्हणाली, तुम्ही मराठीत बोला, मी सांगते.
मॅडम आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.
मी म्हणालो, त्यांची टॅक्सी आली.
टॅक्सी अजून यायची होती.