दुसरीच्या वर्गातला बर्फ

३ फेब्रुवारी, सोमवार

दुसरीच्या दोन तुकड्यांची एकच करणार! म्हणजे बाईही एकच राहणार – मी, नाहीतर ती नवी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शुक्रवारी साहेब तपासणीला येतायत. वर्ग बघून तेच ठरवतील." बावीस वर्षं शिकवतेय. आता परीक्षा माझी!

४ फेब्रुवारी

फळ्यावर लिहिलं – उष्णतेने पदार्थ वितळतात, थंडीने घट्ट होतात. पाच वेळा लिहून घेतलं. एकानं 'विळततात' लिहिलं. बाकावर उभा केला, सगळ्यांना हसायला लावलं.

पलीकडे नवीच्या वर्गात नुसता धुमाकूळ. डोकावले. लोण्याची वाटी उन्हात, चॉकलेट पोरांच्या मुठीत, हात बरबटलेले! एक चिमुरडी विचारत होती, "बाई, चॉकलेट पुन्हा घट्ट होतं, मग उकडलेलं अंडं पुन्हा पातळ का नाही होत?" नवी म्हणे, "शाब्बास! काय मस्त प्रश्न!"

मला बावीस वर्षांत कुणी 'का' विचारलेलं नाही.

५ फेब्रुवारी

डोकं उठलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवीनं मुलांकडून एकेक वस्तू मागवली – मणी, पीस, शिंपला, एकाचा पडलेला दात! वाट्यांत पाणी घालून सगळं दुपारी शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. उद्या साहेबांसमोर बर्फ वितळवून ज्यानं त्यानं आपली वस्तू सोडवायची.

मला म्हणाली, "ताई, तुम्ही शेवटी निघता ना? फ्रीजचं दार नीट लागलंय का, तेवढं बघाल?"

बघितलं की. दार घट्ट लावलं. भिंतीवरचं बटण बंद केलं.

७ फेब्रुवारी

सगळ्यांच्या आधी पोचले, बटण चालू केलं.

वाट्यांत पाणीच पाणी! पोरं रडकुंडीला. "बाई, आमचा बर्फ कुठंय?" नवी पांढरीफटक. तरी म्हणाली, "चला, आपण मेण वितळवू." घाईघाईत मेणबत्तीवर वाटी धरली. तापलेलं मेण तिच्याच मनगटावर सांडलं. ओरडली नाही – मुलं घाबरतील म्हणून. मेण कातडीवर घट्ट होईपर्यंत हसत राहिली.

साहेब म्हणाले, "पूर्वतयारी शून्य. वर मुलांजवळ आग!" माझ्या पोरांनी धडा एका सुरात म्हटला. साहेब खूश – "याला म्हणतात शिस्त."

नंतर मनगटावरचं मेण मीच काढलं. जरा जोरात ओढलं का? हो. मग मलम लावलं. गळ्यात पडून रडली. "तुम्ही होतात म्हणून, ताई!"

१२ फेब्रुवारी

नवी गेली. तिची पोरं माझ्याकडे. एकेका बाकावर तिघं. कुणी काही विचारत नाही.

१३ फेब्रुवारी

माझ्या वर्गात एक गरीब गाय आहे. वर्षभरात तोंड उघडलेलं नाही. मधल्या सुटीत टेबलाशी आली. "बाई, मी दप्तर विसरले म्हणून परत आले होते. तुम्ही बटण बंद केलंत. मी कुणाला नाही सांगितलं."

मी विचारलं, "काय हवंय तुला?"

"मला मॉनिटर करा. आणि तुमची पट्टी द्या."

"पट्टी कशाला गं?"

"मी पण मोठेपणी बाई होणार. तुमच्यासारखी."

दिली. सुटी संपायच्या आत एकाच्या बोटांवर वळ उठला होता. माझ्याकडे बघून गोड हसली.