इंजिन चालतं, बॅटरी भरत नाही

पळसवाडी, ८ जुलै २०२४

ती. किशोरदादास,
माधवीचा सा. न. वि. वि.

बुधाजीच्या जीपमधून पाठवलेल्या चकल्या पोचल्या. निम्म्या त्यानेच वाटेत संपवल्या असाव्यात. विचारलं तर पावसाने मऊ पडल्या म्हणून टाकल्या म्हणतो. वहिनींना हे सांगू नकोस. इथे फोनला अजून रेंज नाही, म्हणून पुन्हा पत्रच.

दवाखान्याची काळजी वाटते. आभाळ भरलेलं असल्याने सोलरवर काही भागत नाही, म्हणून दवाखान्यातला आपला मदतनीस पोशा रोज दुपारी जनरेटर लावतो. इंजिनाचा आवाज वाडीभर घुमतो, डिझेलही खाली जातं, आणि तरी दिवेलागणीला लसींचा फ्रिज बंद! परवा सगळ्या लसी बर्फाच्या डब्यात घालून मला कशेळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पळवाव्या लागल्या. पुढच्या आठवड्यात बाळांना टोचायचं आहे.

लोक म्हणतात, पोशा डिझेल काढून विकतो आणि थोडा वेळ इंजिन वाजवून दाखवतो. मला पटत नव्हतं. पण काल त्याला सरळ विचारलं, तर तो खाली बघत उभा राहिला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. तेव्हापासून माझंही मन साशंक झालं आहे. बॅटऱ्याच खराब असतील का रे?

वहिनींना नमस्कार. माझी आठवण ठेव, चकल्यांसकट.
तुझी माधवी


शिळफाटा, खोपोली, १२ जुलै २०२४

चि. माधवीस,
अनेक आशीर्वाद.

बॅटऱ्या ठीक आहेत. दिवाळीत मी स्वतः तपासल्या होत्या आणि जुना चार्जर काढून चांगला मोठा बसवून दिला होता, बॅटऱ्या लवकर भराव्यात आणि डिझेल वाचावं म्हणून. त्यात दोष निघणार नाही. दुकानात रोज हेच काम करतो मी.

राहिला पोशा. खरा माणूस असा गप्प बसत नाही. जनरेटरची चावी त्याच्याकडून काढून घे आणि तूच चालव. डिझेल कुठे जातं ते कळलं की वीज कुठे जाते तेही कळेल. तुझा स्वभाव भिडस्त, म्हणून मुद्दाम लिहितो.

पावसात ओढा ओलांडू नकोस. तब्येतीला जप.
तुझा दादा


पळसवाडी, १८ जुलै २०२४

ती. किशोरदादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. चारचौघांसमोर पोशाकडून चावी घेतली. ती बातमी लगेच डोंगरापलीकडे पोचली. पोशाच्या पारूचं लग्न तिकडच्या वाडीत ठरलं होतं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, की घाई नको, आधी कळू दे काय ते. भागी आता माझ्याशी बोलत नाही. पारूच्या आईने आणखी काय करावं?

मी स्वतः इंजिन लावलं आणि शेडमध्ये बसून राहिले. चार्जर सुरू झाला की इंजिन कण्हायला लागतं. थोड्या वेळात चार्जरचा दिवा विझतो आणि इंजिन हलकं होऊन मजेत चालत राहतं. मग पुन्हा दिवा, पुन्हा कण्हणं, पुन्हा अंधार. बाहेर ऐकणाऱ्याला वाटावं, काम चाललंय. बॅटरीचा काटा मात्र जागचा हलला नाही. डिझेल सगळं माझ्या डोळ्यांदेखत जळलं. मग चोर कोण?

पोशाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, पाऊस लागल्यापासून हे असंच होतंय. आपल्याच हातून यंत्र बिघडलं असं समजून तो भीतीने गप्प राहिला होता.

आता तुला विचारते. इंजिन तेच जुनं. चार्जर तू मोठा बसवलास. इंजिनाला तो झेपत नाही, हे तुला ठाऊक होतं का? पोशाकडे बोट दाखवताना ठाऊक होतं का? गोल गोल लिहू नकोस.

माधवी


शिळफाटा, २१ जुलै २०२४

चि. माधवीस,
आशीर्वाद.

बसवताना ठाऊक नव्हतं. उन्हाळाभर सोलरनेच बॅटऱ्या भरल्या, जनरेटरची गरजच पडली नाही. तुझं पहिलं पत्र वाचताना मात्र पाल चुकचुकली होती. मोठा चार्जर एकदम फार वीज ओढतो. इंजिन दबलं की व्होल्टेज पडतं आणि चार्जर स्वतःला तोडून घेतो. पण तू पोशाचं नाव लिहिलं होतंस, आणि मला ते सोयीचं वाटलं.

चार्जरची ओढ कमी करता येते. बॅटऱ्या सावकाश भरतील, पण भरतील. येत्या रविवारी येतो. मुलाकडच्या वाडीतही जाईन. पोशा सोबत येईल का, विचारून ठेव.

दादा


पळसवाडी, १ ऑगस्ट २०२४

ती. किशोरदादास,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून फ्रिज एकदाही बंद पडला नाही. इंजिन आता एका सुरात चालतं. बाळांना लसी टोचून झाल्या. रडून रडून त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला होता.

सगळ्यांदेखत तू चूक आपली म्हणालास, आणि पोशाबरोबर भिजत डोंगरापलीकडे जाऊन तेच सांगितलंस. तुला वाटलं असेल, मिटलं. पुढचं तुला कळलं नसेल.

काल मुलाकडचे पोशाच्या घरी नारळ घेऊन आले. झालं गेलं विसरून जाऊ, दिवाळीनंतर बार उडवू, म्हणाले. भागीने मलाही बोलावलं होतं. सगळे खुशीत होते. तेवढ्यात पारू चिखलाच्या पायांनी दारात आली आणि शांतपणे म्हणाली, “माझ्या बापाला तुमी इचारलं बी नाय. उद्या माझ्यावर कोनी काय बोललं, तर मलाबी असंच परत धाडाल. मला तुमच्या घरी नाय यायचं.” आणि भाताच्या लावणीला निघून गेली.

भागी रडायला लागली. मला वाटलं, पोशा आता पोरीला हाक मारील, रागे भरेल. त्याने पाहुण्यांना चहा दिला, नारळ त्यांच्या हातात परत ठेवला, वाटेपर्यंत पोचवलं, आणि डोक्यावर इरलं घेऊन पारूच्या मागोमाग शेतात उतरला.

त्याला आम्ही कुणी नीट विचारलं नव्हतं, दादा. ना त्यांनी, ना मी. मी विचारलं तेही डिझेलचं, यंत्राचं नाही.

तुझ्यावरचा राग थोडा शिल्लक आहे. गणपतीला येईन तेव्हा भांडून संपवीन. तोवर माया असू दे.

तुझी
माधवी