फोडणी म्हणजे फोडणीच

लाडक्या धाकटीस, दादाचा मायेचा हात पाठीवर.

आपण मोठ्यानं कविता पाठ करायचो आणि मधेच आईच्या कढईत मोहरी तडतडायची. तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. मी मजेत आहे, गुडघाही फारशी कुरकुर करत नाही.

छापखान्यातले आम्ही तिघं एकत्र राहतो, पाळीपाळीनं रांधतो. गेल्या रविवारी आमटी उकळत ठेवली आणि आंघोळीला जाताना पूर्वेकडच्या सोबत्याला म्हटलं, "तेवढी फोडणी घाल." त्यांच्या घरी फोडणी म्हणजे पाच बिया! बडीशेप, मेथी, कलौंजी, सगळं ओतलं की गं त्यानं. दक्षिणेकडचा मला म्हणाला, "काका, आधीच डाळीत गूळ, त्यात ही मुखशुद्धी! यापुढे तुम्ही नुसता भात लावा."

मी ठणकावलं, आईची आमटी तुम्हाला खाऊ घातल्याशिवाय माझी पाळी सोडणार नाही. आज फोडणी स्वतः केली, वास पार जिन्याखाली गेला. गूळ चिमूटभरही कमी केला नाही. तू वेळेवर जेवतेस ना?

थांब, दार वाजलं. कधी जिना न चढणाऱ्या घरमालकीणबाई धापा टाकत उभ्या आहेत. विचारताहेत, "कुणाची आई आलीय?"

तुझाच,
दादा